होप, क्रॉस्बी आणि स्टुडिओतला मोरोक्को

पॅरामाउंट या अमेरिकी चित्रपटसंस्थेने १९४० साली ‘रोड टू सिंगापूर’ प्रदर्शित केला. गायक बिंग क्रॉस्बी, विनोदी नट बॉब होप आणि नायिका डोरोथी लामूर या तिघांचा हा पहिला एकत्र चित्रपट इतका चालला की पुढील बावीस वर्षांत झांझिबार, मोरोक्को, युटोपिया, रिओ, बाली आणि हाँगकाँग अशी ठिकाणे पालटत त्याचे आणखी सहा भाऊबंद निघाले. शीर्षकातील गावाला या चित्रपटांत फारसे महत्त्व कधीच नव्हते. पहिल्याची बहुतांश कथा सिंगापूरमध्ये नव्हे, तर काइगून नावाच्या कल्पित बेटावर घडते आणि ते बेटही हॉलिवूडच्या स्टुडिओतच उभारलेले होते.

प्रत्येक कथेचा सांगाडा जवळपास एकच असतो. खिशाने कफल्लक, पण गाण्या-नकलांवर पोट भरू शकणारे दोन मित्र कुठल्यातरी लफड्यातून पळ काढतात, परमुलखात जाऊन पोहोचतात आणि तिथे एकाच स्त्रीवर दोघांचाही जीव जडतो. क्रॉस्बीचे पात्र गोड गळ्याचे आणि मित्राला खुशाल संकटात ढकलणारे असते, तर होपचे पात्र भित्रे, बढाईखोर आणि दर वेळी फसणारे. दोघांचाही जन्म १९०३ मधला. लंडनच्या एल्थम भागात जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला होप व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नाच, नकला आणि कसरती यांच्या मिश्र रंगमंचीय कार्यक्रमांत तयार झाला होता. क्रॉस्बीने मायक्रोफोनचा उपयोग करून श्रोत्याच्या कानाशी गुणगुणल्यासारखी हळुवार गायनशैली लोकप्रिय केली होती. न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात १९३२ साली ते प्रथम एका रंगमंचावर आले आणि पुढे आपापल्या रेडिओ कार्यक्रमांतून एकमेकांची यथेच्छ टिंगल करू लागले. होपचे नाक आणि क्रॉस्बीचे हरणारे शर्यतीचे घोडे हे श्रोत्यांच्या ओळखीचे विषय झाले. त्यामुळे चित्रपटगृहात येणारा प्रेक्षक या जोडीचे भांडण आधीपासूनच ओळखत असे, आणि पडद्यावरच्या मैत्रीची नव्याने ओळख करून देण्यात पटकथेला वेळ घालवावा लागत नसे.

हे चित्रपट पाहताना सारे संवाद जागच्या जागी सुचल्यासारखे वाटतात. हा आभास मोठ्या मेहनतीने घडवलेला होता. सुरुवातीच्या चित्रपटांसाठी डॉन हार्टमन आणि फ्रँक बटलर यांनी लिहिलेल्या पटकथांत होप आणि क्रॉस्बी आपल्या रेडिओ-लेखकांकडून वेगळे विनोद लिहून घेऊन भर घालत आणि ते ऐन चित्रीकरणात एकमेकांवर फेकत. यात सर्वाधिक कुचंबणा लामूरची होई, कारण पाठ केलेले संवाद घेऊन उभी राहिली तरी तिला ते बोलायला फटच मिळत नसे. तरीही या धुमश्चक्रीत ती न गडबडता, शांत चेहऱ्याने उभी राहते म्हणूनच त्या दोघांचा धांगडधिंगा शोभतो; तिच्या वाट्याला यायला हवे होते तेवढे श्रेय मात्र आले नाही.

मालिकेतील सर्वांत बांधेसूद चित्रपट म्हणजे डेव्हिड बटलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘रोड टू मोरोक्को’ (१९४२). होपच्या हलगर्जीपणाने जहाजावर स्फोट होतो, दोघे तराफ्यावरून किनाऱ्याला लागतात आणि भुकेने व्याकुळ झालेला क्रॉस्बी जेवणाच्या पैशांसाठी चक्क मित्रालाच गुलाम म्हणून विकतो. पुढे शोध घेत तो राजवाड्यात पोहोचतो, तर विकलेला मित्र गाद्यागिरद्यांवर लोळत राजकन्येशी लग्न करायच्या तयारीत. राजकन्येच्या पहिल्या नवऱ्याला लवकरच मृत्यू आहे, असे ज्योतिषाने सांगितलेले असल्यामुळे हा बळीचा बकरा निवडला गेला आहे, हे कळताच वर होण्यासाठी भांडणारे दोघे तो मान एकमेकांच्या गळ्यात घालू पाहतात. याच चित्रपटात एक उंट होपच्या तोंडावर थुंकतो. ते ठरवून घडवलेले नव्हते, पण बटलर यांनी दृश्य तसेच ठेवले. शेवटी पुन्हा तराफ्यावर होप उपासमारीने भ्रमिष्ट झाल्याचा अभिनय रंगात येऊन करू लागतो आणि क्रॉस्बीने त्याला आवरताच, या दृश्यावर आपल्याला ऑस्कर मिळाले असते, अशी तक्रार करतो.

नाट्यशास्त्रात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातील अदृश्य पडद्याला ‘चौथी भिंत’ म्हणतात. तमाशाच्या वगातला सोंगाड्या कथेतून अलगद बाहेर येऊन समोरच्या मंडळींशी बोलतो, तशी ही भिंत होप-क्रॉस्बी वाटेल तेव्हा ओलांडतात. ‘रोड टू युटोपिया’मध्ये अलास्काच्या बर्फात चाललेल्या होपला दूरचा डोंगर दिसतो, त्याभोवती ताऱ्यांचे कडे उमटते आणि तो पॅरामाउंटचे बोधचिन्ह बनतो, दुसऱ्या एका प्रसंगी सुटाबुटातला एक इसम जहाजाच्या इंजिनखोलीतून सहज चालत जातो, कारण त्याला स्टुडिओच्या दुसऱ्या भागात जायचा हा जवळचा रस्ता असतो. ‘रोड टू बाली’त क्रॉस्बी गाणार असे दिसताच होप प्रेक्षकांना बाहेर जाऊन पॉपकॉर्न आणण्याचा सल्ला देतो. गाणी मात्र थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. झांझिबारपासून बालीपर्यंत जॉनी बर्क आणि जिमी व्हॅन ह्यूजन या गीतकार-संगीतकारांनी दिलेल्या चालींपैकी काही चित्रपटांहून अधिक काळ टिकल्या.

आज या मालिकेकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अरब, आफ्रिकी किंवा पॅसिफिक बेटांवरील माणसे येथे नेपथ्यासारखी वापरली जातात आणि त्यांच्या चालीरीतींना हसण्यापलीकडे पटकथेला त्यांच्यात रस नसतो. ‘द रोड टू हाँगकाँग’मध्ये (१९६२) पीटर सेलर्स यांनी रंगवलेला भारतीय डॉक्टर हाही त्याच जातकुळीचा. त्याच चित्रपटात नायिकेची जागा तरुण जोन कॉलिन्सला देऊन लामूरला छोट्या भूमिकेवर समाधान मानायला लावले गेले, पण तिच्याहून बरेच मोठे असलेले दोन्ही नायक जागचे हलले नाहीत. चित्रपट फिका पडला, याची इतरही कारणे आहेत, परंतु हे एक नक्कीच.

आणखी एका ‘रोड’पटाचे बेत चालू असतानाच १९७७ साली क्रॉस्बीचे निधन झाले. इलेन मे यांनी १९८७ मध्ये ‘इश्तार’ हा या मालिकेच्या धर्तीवरचा चित्रपट काढला. बायकांसमोर बावरणारा गडी म्हणून देखणा वॉरन बेटी आणि छाप पाडणारा म्हणून डस्टिन हॉफमन, अशी उलटी वाटणी त्यांनी मुद्दाम केली. त्यांनी स्टुडिओवर न भागवता खऱ्याखुऱ्या मोरोक्कोत जाऊन वाळवंट चित्रित केले. खर्च अवाढव्य झाला आणि तिकीटबारीवर चित्रपट सपशेल आपटला.