दाताला दात

आमची आई हरिपाठ म्हणू लागली की घरात टाळांची गरज उरेनाशी झाली होती. नव्या कवळीचे वरखालचे दात शब्दाशब्दाला एकमेकांवर आपटत. आम्ही हसलो, आणि तिथेच चुकलो. आठवड्याभरात तिने हरिपाठ मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली. मग पंगतीत बसणे सोडले. स्वयंपाकघरात सर्वांकडे पाठ करून, कवळी काढून, ती कुस्करलेला भात गिळू लागली. दोन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. कवळी करून देणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे एवढेच, की सवय होईल.

आमच्या वर्ध्याला लागूनच सेवाग्राम. 1936 पासून तेथे राहिलेल्या गांधीजींनाही कवळी होती आणि ती ते जेवणापुरती लावीत, हा दाखला मी आईला दिला. ती म्हणाली, "बापू जेवायला लावत, मी जेवायला काढते. एवढाच काय तो फरक!"

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी सावंगीचे दंत महाविद्यालय गाठले. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कवळी बाजूला ठेवली आणि आधी आईचा चेहराच न्याहाळला. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका. "आजी, थुंकी गिळा आणि स्वस्थ बसा." दोन ठिपक्यांमधले अंतर मोजले, मग कवळी घालून, दात मिटवून पुन्हा मोजले. दोन्ही मापे जवळजवळ सारखीच!

वाचकहो, हे वाचताना ओठ मिटून क्षणभर स्वस्थ बसा. तुमचे वरखालचे दात टेकलेले आहेत काय? बहुधा नसतील. विसाव्याच्या वेळी त्यांच्यात साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट राहते. आईच्या कवळीचे दात इतके उंच झाले होते की ही फटच उरली नव्हती. जबड्याच्या स्नायूंना क्षणाचा विसावा नाही, मग बोलताना दात आपटणार नाहीत तर काय!

खऱ्या दातांचे बरे असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ सगळ्या रांगेला वळण लावते. वरच्या दाढेचे टोक खालच्या दाढेच्या खाचेत बसले की पुढचे गणित बहुतेक जमते. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 साली या दाढेवरूनच दातांच्या बिघडलेल्या बैठकीचे तीन वर्ग पाडले. पण दाढाच गेल्यावर जबडा कुठे मिटायचा, हे सांगणार कोण? कानापुढचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि शिवाय पुढे घसरतोही. म्हातारी माणसे हनुवटी पुढे काढून मिटतात. त्या जागी माप घेतले, की कवळी फसली.

म्हणून मेणाच्या दोन पाळ्या तोंडात बसवून बाईंनी सांगितले, "जिभेचे टोक मागे टाळूला लावा आणि मिटा." जबडा आपोआप मागे गेला. आईला ते पटकन उमगले. "जात्याचा खुंटा सापडला म्हणा की!" फक्त जात्याची वरची तळी फिरते आणि आपली खालची, एवढे मी सांगणार होतो, पण मास्तरकी आवरली.

ती फार वेळ आवरली नाही. कारण पुढची परीक्षा माझ्या विषयातली निघाली. आईला 'सदुसष्ट, अडुसष्ट' म्हणायला लावले. 'स' उच्चारताना वरखालच्या कडा अगदी जवळ याव्यात, पण टेकू नयेत. टेकल्या तर उंची जास्त. मग 'फ' आणि 'व': वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागली पाहिजे. इतकी वर्षे मी वर्गात दंत्य आणि ओष्ठ्य वर्ण शिकवीत आलो. त्यांच्यावरून कुणाचे दात लावता येतात, हे मला त्या खुर्चीशेजारी उभे राहून कळले. मी म्हणालो, "'सासूबाई' म्हणून पाहा, त्यात दोन 'स' आहेत." बाई हसल्या. आई हसली नाही. तोंडात मेण होते.

नवी कवळी तयार व्हायला पाच खेपा झाल्या. निळा कागद चाववून, जिथे ठिपका गडद उमटे तिथे दात घासला गेला. समोरच्या दातांनी तोडू नका आणि घास दोन्ही बाजूंना सारखा ठेवा, नाहीतर कवळी उचलते, अशी ताकीद मिळाली.

नरकचतुर्दशीला आई पंगतीत बसली. तिने चकली हातानेच मोडली, एक तुकडा उजव्या गालात ठेवला, एक डाव्या, आणि आम्हा सर्वांकडे रोखून पाहत म्हणाली, "आता कान देऊन ऐकू नका रे, जेवा!"