खातं हलवण्याआधी

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. बँकेतल्या खात्याला ती अजून मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी मे २०१७ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली होती. नाराज ग्राहक खाते क्रमांकासकट उठून जाऊ शकतो, ही धास्ती असली की बँका आपोआप नीट वागतील, असा त्यामागचा रोख. बँकांनी ऐकून घेतलं आणि विषय तिथेच राहिला. प्रत्येकीच्या क्रमांकाची घडणही वेगळी: स्टेट बँकेचा ११ आकडी, आयसीआयसीआयचा १२, एचडीएफसीचा १४. ब्रिटनमध्येही क्रमांक बदलतोच, पण सप्टेंबर २०१३ पासून तिथल्या बँकांनी मिळून व्यवस्था केली आहे. ग्राहकाने फक्त नव्या बँकेला सांगायचं. सात कामकाजी दिवसांत पगार, बिलं, हप्ते सगळं तिकडे जातं आणि जुन्या खात्यावर कुणी चुकून पैसे भरले तर तेही नव्याकडे वळतात.

आपल्याकडे हे ओझं ग्राहकाच्या डोक्यावर. नवं खातं उघडायचं, जुन्याला जोडलेलं एकेक काम सोडवून तिकडे न्यायचं आणि मग जुनं बंद करायचं. नवं उघडायला आता घरबसल्या व्हिडिओ केवायसी चालतं, बंद करायला एक अर्ज लागतो. माणूस अडकतो तो मधल्या कामात. म्हणून बदलायचं की नाही हे ठरवताना दोन प्रश्न वेगळे धरावे लागतात: निघायला कारण पुरेसं आहे का, आणि निघताना काय काय तुटेल.

कारण म्हणून सगळ्यात आधी पुढे येतं ते व्याज, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कमकुवत. २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवायची. तेव्हा तो सगळीकडे ४ टक्के होता. त्या दिवशी दर मोकळे झाले आणि येस बँकेने लगेच ६ टक्के जाहीर केले. मोठ्या बँका चारावर बसून राहिल्या. आपला ग्राहक उठून जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्टेट बँकेने ३१ जुलै २०१७ ला दर साडेतीन केला, पुढे आणखी उतरवत जून २०२५ मध्ये अडीचवर आणला, तरी तिच्या काउंटरसमोरची रांग काही तुटली नाही.

हिशेब मांडून बघा. खात्यात वर्षभर सरासरी ४०,००० रुपये राहत असतील, तर अडीच टक्क्यांनी १,००० मिळतात, पाच टक्क्यांनी २,०००. फरक महिन्याला ८३ रुपयांचा. शिवाय जाहिरातीतला चढा दर पुष्कळदा वरच्या टप्प्यातल्या रकमेला असतो. एक लाखापर्यंतच्या शिलकीला मिळणारा दर वेगळा विचारून घ्यावा लागतो. आणि खात्यात कायम चार-पाच लाख पडून असतील, तर बँक बदलण्याआधी त्यातले तीन-चार लाख त्याच बँकेत मुदत ठेवीत टाकावेत किंवा ऑटो स्वीप, म्हणजे जादा शिल्लक आपोआप मुदत ठेवीत नेणारी सोय, लावून घ्यावी. रोजच्या खात्याचं काम पैसे पुढे सरकवण्याचं आहे, वाढवण्याचं नाही.

किमान शिल्लक न राखल्याचा दंड हे मात्र खरं कारण आहे. इथे सरकारी आणि खासगी बँकांच्या वाटा अलीकडे चांगल्याच फुटल्या आहेत. स्टेट बँकेने किमान शिलकीची अट मार्च २०२० मध्येच काढली. कॅनरा बँकेने जून २०२५ मध्ये, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदा यांनी त्यानंतरच्या महिन्यात. उलट आयसीआयसीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी ५०,००० रुपयांची अट जाहीर केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. मोठी बँक ग्राहकांच्या बोलण्याने मागे सरल्याचं दृश्य आपल्याकडे विरळाच. दंड बहुतेक वेळा बसतो तो जुन्या पगाराच्या खात्यावर. नोकरी सुटते, काही महिने पगार जमा होत नाही, झिरो बॅलन्सची सवलत गुपचूप संपते आणि खातं साध्या बचत खात्यात जातं. एसएमएस येतो, पण तो वाचतो कोण? दंड कापून खातं उणे करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. शून्यापर्यंत मात्र आणता येतं.

अशा वेळी लगेच दुसरी बँक शोधायची गरज नसते. त्याच बँकेकडे मूलभूत बचत खातं मागता येतं. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट असतं; फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. तक्रार शाखेपुरती असेल, म्हणजे उर्मट कर्मचारी, कायम बंद असलेलं पासबुकाचं मशीन, घरापासूनचं अंतर, तर शाखा बदलून घ्यावी. खाते क्रमांक तोच राहतो. आयएफएससी मात्र नव्या शाखेचा होतो, एवढं पगाराच्या विभागाला कळवायचं.

तिसरं कारण सुरक्षिततेचं, आणि मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पीएमसी या सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा आधी फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळायची आहे. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून ताटकळले, २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले आणि त्याच ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेने ती पोटात घेतली. यावरून सहकारी बँका सरसकट वाईट असं कुणी म्हणू नये. कॉसमॉस १९०६ पासून आणि सारस्वत १९१८ पासून उभी आहे. आणि खासगी बँकही यातून सुटत नाही. ६ टक्के देणाऱ्या त्याच येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, ५०,००० रुपयांची मर्यादा लागली. फोनपेची भिस्त तिच्यावर होती, त्यामुळे ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं त्यांचेही व्यवहार अडले.

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे आणि ती माणशी, बँकेगणिक मोजली जाते. एकाच बँकेच्या दादर आणि ठाण्याच्या शाखांत पैसे वाटून ठेवले तर ती एकच रक्कम धरतात. बचत, मुदत ठेव, व्याज, सगळं त्यात आलं. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत हा विमा मिळायला हवा. पण ते ९० दिवस काढायचे कसे? घरभाडं, किराणा, मुलांची फी थांबत नाही. पतसंस्थांना तर हा विमा लागूच नाही, आणि गावोगावी कित्येक घरांचा रोजचा व्यवहार पतसंस्थेतूनच चालतो. त्यामुळे माझा आग्रह बदलण्यापेक्षा जोडण्याकडे आहे: दोन वेगळ्या बँकांत दोन खाती, आणि दुसऱ्यात दोन-तीन महिन्यांचा घरखर्च. दोन्हीला यूपीआय जोडलेलं असावं, म्हणजे एका बँकेचा सर्व्हर बसला तरी दुकानदारासमोर तोंड पडत नाही.

आता मधलं काम. खात्याला काय काय जोडलेलं आहे हे आठवून सांगता येत नाही. वर्षभराचं स्टेटमेंट काढून ओळ न् ओळ बघावी लागते. गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता हे नाच (एनएसीएच) मँडेटवर, म्हणजे खात्यातून आपोआप कापून घ्यायला दिलेल्या परवानगीवर चालतात. मँडेट त्या एका खात्यापुरतं असतं. नवं नोंदवून मंजूर व्हायला वेळ जातो, आणि तेवढ्यात जुन्या खात्यातले पैसे काढून घेतले असतील तर हप्ता परत जातो. मग बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा लावते आणि सिबिलमध्ये नोंद होते ती तिसरीच. म्हणून नव्या खात्यातून पहिला हप्ता कापला गेल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत जुन्या खात्यात एका हप्त्याची रक्कम राहू द्यावी.

दर महिन्याला दिसणाऱ्या गोष्टी सहसा निसटत नाहीत. निसटतात त्या वर्षातून एकदा येणाऱ्या. मे महिन्याच्या अखेरीस जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात. खातं बंद झालं की विमाही संपतो. जीवनज्योतीत शिरायची वयोमर्यादा ५० आहे. पन्नाशी ओलांडलेल्याने खातं बंद केलं तर नव्या बँकेत ती पुन्हा घेता येत नाही. ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण या वयात दुसरीकडे कुठे मिळणार? लॉकर, डीमॅटला जोडलेलं खातं, भविष्यनिर्वाह निधीकडे नोंदवलेलं खातं, प्राप्तिकराच्या परताव्यासाठी पडताळलेलं खातं, हीदेखील याच जातीची मंडळी.

सरकारी पैशांची गंमत आणखी निराळी. लाडकी बहीण, पीएम किसान, गॅसचं अनुदान हे आधारला जोडलेल्या खात्यात येतं आणि एका वेळी एकच बँक तिथे नोंदलेली असते. नव्या बँकेत खातं उघडताना अर्जावरच्या आधार जोडणीच्या चौकटीत खूण केली की पैसे नव्या खात्यात जायला लागतात. बाई मात्र जुन्या बँकेत पासबुक भरून घेत, हप्ता का आला नाही म्हणून विचारत राहतात. घरात आईने किंवा सासूबाईंनी नवं खातं काढलं असेल तर त्या चौकटीकडे आधी बघा.

परदेशी गेलेल्यांना तर राहायचं की बदलायचं हा पर्यायच नसतो. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. परकीय चलनाच्या कायद्याने ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. ‘सध्या असू दे’ म्हणून वर्षानुवर्षं ते तसंच ठेवणारी मंडळी न्यू जर्सीपासून दुबईपर्यंत सापडतील.

आणि आपण काहीच केलं नाही तरी बँक जागेवर राहील याची हमी नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात. यातल्या कुठल्याच ग्राहकाने बँक बदलायचा अर्ज केला नव्हता. चेकबुक आणि आयएफएससी मात्र सगळ्यांचेच बदलले.

तरीही निघायचंच ठरलं, तर जुनं खातं निदान एक वर्ष चालू ठेवून मग बंद करा. वार्षिक कपातीचं एक पूर्ण चक्र तेवढ्यात उलटून जातं. पण बंद कराच. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि ती शोधायला वारसांना उद्गम पोर्टलवर नावं टाकत बसावं लागतं. उरलेले चेक आणि डेबिट कार्ड परत करा, बंद केल्याची पोच हातात घ्या आणि नेट बँकिंग बंद पडण्याआधी सगळी स्टेटमेंट उतरवून ठेवा. वर्षात कधीही चालू असलेलं प्रत्येक खातं प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावं लागतं, त्यावरचं व्याजही मोजावं लागतं. तेव्हा ते शेवटचं स्टेटमेंट पुढचं विवरणपत्र भरून होईपर्यंत तरी लागणारच आहे.