दोन आगी, दोन उपाय

सिल्लोड तालुक्यात मिरचीचा हंगाम भरात आला, की शिवना, आमठाणा इथल्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात. दिवसभर मिरची तोडणाऱ्या बायकांचे हात रात्रभर भगभगत राहतात, हे इथल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. याच भागातल्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. खिचडीच्या पातेल्यावरचे झाकण उचलताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मनगटावर वाफ आली. कोणीतरी धावत जाऊन टूथपेस्ट आणली. ‘‘आता गार वाटतंय,’’ म्हणत ताई पुन्हा कामाला लागल्या. शाळा सुटेपर्यंत मनगटावर टपोरा फोड आला होता. फोड टूथपेस्टने आणला असे नव्हे. पण तो लहान ठेवण्याची संधी मात्र तिच्यामुळे हुकली.

मराठीत वाफेने पोळते, तव्याने चटका बसतो, विस्तवाने भाजते आणि मिरची झोंबते. शब्द निरनिराळे, पण नंतर होते ती सगळीकडे ‘आग’च. असे का बरे?

त्वचेतल्या वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी टीआरपीव्ही-१ हे दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश जातो. मिरचीतले कॅप्साइसिन या दाराला चिकटले, की ते अंगाच्या नेहमीच्या तापमानालाच उघडते. म्हणजे संदेश खरा, उष्णता मात्र नाही! अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली हे दार शोधले ते कॅप्साइसिनच्याच मदतीने. त्यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले. गारव्यासाठीही असेच एक दार आहे, आणि पुदिन्याच्या वर्गातले मेंथॉल ते उघडते. टूथपेस्टमध्ये बहुधा मेंथॉल असते. ताईंना गार वाटले ते खरेच. फक्त मनगट गार झाले नव्हते.

आणि ते होणेच महत्त्वाचे असते. त्वचा किती भाजेल हे तापमानावर आणि वेळेवर, अशा दोहोंवर ठरते. ४४ अंशांना इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाचएक सेकंद पुरतात. वाफ तर आणखी घातक. १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचे त्वचेवर पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. मग ते उकळते पाणी पोळवते ते वेगळेच.

म्हणून भाजलेल्या जागेवर ताबडतोब गार, वाहते पाणी सोडावे, आणि तेही वीस मिनिटे. बरीचशी उष्णता पहिल्या काही मिनिटांतच निघून जाते, मग वीस मिनिटे कशाला? याचे उत्तर ब्रिटिश शल्यचिकित्सक जॅक्सन यांनी १९५३ साली केलेल्या वर्णनात सापडते. जखमेच्या मध्यभागी पेशी मेलेल्या असतात, तर कडेला नुसती लाली असते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी जगू शकतात किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत मरूही शकतात. आपली सारी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी असते. गारव्याने तिथली सूज आणि दाह कमी राहतो. भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी सोडले तरी उपयोग होतो. तेव्हा उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. बर्फ मात्र नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमका हा पट्टाच उपाशी राहतो.

वीस मिनिटे वाहते पाणी, हे मराठवाड्यात उन्हाळ्यात सांगायला आम्हांलाही संकोच वाटतो. पण तांब्याने संथ धार धरली, तर एका मोठ्या बादलीत काम भागते आणि खाली घमेले ठेवले तर ते पाणी झाडांना जाते. तेही नसेल तर स्वच्छ पाण्याच्या बादलीत हात बुडवून हलवत राहावे. एक खबरदारी हवी : एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी स्वतःच गरम असते. त्यापेक्षा माठातले बरे. अंगठी आणि बांगड्या सूज येण्याआधीच काढाव्यात.

तूप किंवा तेल लावू नये. त्यातून उष्णता पाण्याच्या मानाने फार सावकाश वाहते आणि ती आतच कोंडते. हळद, शाई, टूथपेस्ट यांनी जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. फोड फोडू नये. पाणी सोडून झाल्यावर स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळावे. भाजलेली जागा रुग्णाच्या पंजाहून मोठी असेल. चेहरा, हाताचा पंजा, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल. कातडी पांढरी वा काळी पडून दुखतच नसेल. किंवा विजेने, रसायनाने भाजले असेल, तर दवाखाना गाठावा. लहान मूल असेल तर विचार करत बसू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

आता मिरचीकडे वळू. इथे सगळे उलटे आहे. कॅप्साइसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळते. गार पाण्यात हात असेपर्यंत ते दार बंद राहते, बाहेर काढला की आग परत. म्हणून हातांना आधी गोडे तेल चोळावे, ते पुसून साबणाने धुवावे, आणि पुन्हा एकदा तसेच करावे. गरम पाणी टाळावे. डोळ्यात गेले तर मात्र तेल नाही, फक्त भरपूर स्वच्छ पाणी.

वर्गात हे करून पाहता येईल. सारख्या आकाराचे दोन बटाटे उकडून शिक्षकांनी चिमट्याने बाहेर काढावेत आणि प्रत्येकात प्रयोगशाळेतला तापमापक खोचावा (ताप मोजायचा नव्हे, तो फुटेल). एकाला तुपाचा जाड लेप द्यावा, दुसऱ्यावर पाण्याची धार धरावी. दर दोन मिनिटांनी आकडे फळ्यावर मांडावेत. एखादे चौकस मूल तिसऱ्या तापमापकाच्या फुग्याला मिरची चोळून पाहीलच. त्याला पाहू द्यावे, पण नंतर त्याचे हात तेलाने पुसून घ्यावेत.