वीज तोडणाऱ्या तारा

घरी बिअर करणाऱ्या अमेरिकी हौशी माणसाच्या विजेच्या कंट्रोल पॅनेलचं झाकण उघडलं की पहिली नजर जाड तारांवर जाते. १० गेजच्या तांब्याच्या त्या तारा भिंतीतल्या २४० व्होल्टच्या सॉकेटवरून येतात, कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने जुळणारा मोठा स्विच) आणि सॉलिड स्टेट रिले यांतून जातात आणि भांड्यातल्या ५५०० वॉटच्या एलिमेंटकडे निघतात. पाणी तापवायला एवढं पुरतं. मग डब्यात पातळ तारांचा हा गुंता कशासाठी? एकेक तार चिमटीत धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की उत्तर मिळतं. एक तार कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाते, एक लाल बटणाकडे, एक किल्लीच्या स्विचकडे, एक दिव्याकडे आणि हिरव्या तारा डब्याच्या दाराला, भांड्याला, पंपाच्या धातूला अर्थिंग देतात. त्यातल्या बहुतेकींचं काम वीज तोडण्याचं किंवा ती आहे की नाही हे सांगण्याचं. तापमान राखणारं यंत्र म्हणून या पॅनेलची ओळख आहे आणि त्याची स्तुतीही त्याच कारणाने होते. माझ्या मते त्याचा खरा कस दुसरीकडे लागतो. एखादा भाग बिघडला की पॅनेल बंद पडतं की तापतच राहतं, हे आधी विचारायला हवं.

तापमानाची मातब्बरी मात्र कमी लेखता येत नाही. मोड आणून वाळवलेल्या सातूला माल्ट म्हणतात. तो भरडून गरम पाण्यात मुरवला की धान्यातली विकरं पिठुळाची साखर करू लागतात. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व बाळाला पाजायला पातळ राहतं, तिथेही हीच विकरं काम करतात. यातलं बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांना जोरात असतं, अल्फा-अमायलेज सत्तरच्या आसपास. ६४ वर मुरवलं तर बिअर कोरडी होते, ६९ वर अंगाने भरलेली. चार-पाच अंशांत पेय बदलतं. अमेरिकेत घरी बिअर करण्यावरची संघराज्याची बंदी १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने उठली. हौशी माणसाचं जुनं साधन म्हणजे अंगणातला प्रोपेनचा बर्नर. तो घरात आणला तर कार्बन मोनॉक्साइडची भीती, बाहेर ठेवला तर हिवाळ्याचा वारा. म्हणून काहींनी वीज धरली आणि भांडी तळघरात आली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हे पॅनेल अमेरिकेतलंच, तिथल्या तळघरातलं.) तळघरात आता माल्टचा गोडसर वास दरवळतो, पण पायाखाली ओली फरशी असते आणि हाताशी २४० व्होल्ट. गॅसचा धोका गेला तसा विजेचा आला.

अचूकतेची बाजू घेणारे म्हणतील, की पॅनेलचं हृदय पीआयडी कंट्रोलर आहे, बाकी सगळा पहारा. या आक्षेपात तथ्य आहे. कंट्रोलरला पीटी-१०० सेन्सरकडून खबर मिळते. प्लॅटिनमच्या त्या तारेचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि शंभर अंशांना १३८.५. अंशाला जेमतेम ०.३८५ ओहमचा हा फरक मोजायचा असल्यामुळे सेन्सरला तीन तारा लागतात. वाहक तारांचा स्वतःचा रोध त्यामुळे वजा करता येतो. मोजलेल्या आकड्यावरून कंट्रोलर एलिमेंट किती वेळ चालू ठेवायचं ते ठरवतो आणि रिलेला हुकूम देतो. इथपर्यंत कारागिरी सुंदर आहे. पण हुकूम पाळणारा रिले अर्धवाहकाचा आहे आणि तो जळतो तेव्हा बहुधा जोडलेल्या अवस्थेतच जळतो. मग कंट्रोलर पडद्यावर शून्य टक्के दाखवत राहतो आणि एलिमेंट पूर्ण ताकदीने तापत राहतं. ४० लिटर पाणी ५५०० वॉटवर दर ३० सेकंदांना एक अंश चढतं. ६६ चे ७६ व्हायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात बीटा-अमायलेज कामातून जातं आणि कंट्रोलर कितीही हुशार असला तरी त्याला काही करता येत नाही. सेन्सर भांड्यातून निसटून बाहेर लोंबकळत राहिला तरी तेच. त्याला खोलीची थंड हवा लागते आणि कंट्रोलर आणखी उष्णता मागतो. म्हणजे कंट्रोलरच्या अचूकतेला अर्थ यायचा तर त्याच्या डोक्यावर हाताने तोडता येणारा कॉन्टॅक्टर हवाच.

त्यापुढची गोष्ट मला या पॅनेलमधली सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या घरात २४० व्होल्ट दोन ‘गरम’, म्हणजे जिवंत, तारांमधून मिळतात. न्यूट्रलच्या मानाने प्रत्येकीवर १२० व्होल्ट असतात. सॉलिड स्टेट रिले यातली एकच तार तोडतो. एलिमेंट गार पडतं, दिवा विझतो, माणसाला वाटतं वीज गेली. दुसऱ्या तारेतून १२० व्होल्ट मात्र एलिमेंटवर तसेच उभे असतात. त्याच्या आवरणाला बारीकशी चीर असेल तर ते पाण्यात उतरतात. बादलीतल्या रॉडचा झटका आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. फेजऐवजी न्यूट्रल तोडणाऱ्या चुकीच्या स्विचला आपला वायरमन नावं ठेवतो, तो याच कारणाने. म्हणून पॅनेलचा कॉन्टॅक्टर दोन्ही तारा एकदम तोडणारा असला पाहिजे. त्याच्याही आधी, भिंतीपाशी, गळती ओळखणारा जीएफसीआय ब्रेकर हवा. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत सुमारे पाच मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ट्रिप होतो. पाच मिलिअँपिअर हा आकडा हवेतून आलेला नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझील यांनी किती प्रवाहाला माणसाची मूठ सुटेनाशी होते ते मोजलं होतं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. १९६१ च्या सुमारास त्यांनीच हा ब्रेकर घडवला. पाच म्हणजे मूठ अजून सुटते तोवर. साधा ३० अँपिअरचा ब्रेकर त्याच्या सहा हजार पट प्रवाहापर्यंत गप्प बसतो. तो तारा वाचवतो, माणूस नाही. आपल्या घरांतला गळती-ब्रेकर सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. त्या मानाने पाच फारच कडक. हा ब्रेकर उगाच ट्रिप होतो अशी तक्रार नेहमीची आहे आणि काही जण वैतागून तो काढून टाकतात. पण पुष्कळदा त्याचं ट्रिप होणं उगाच नसतं. डब्यात न्यूट्रल आणि अर्थिंग चुकून एकत्र बांधलं, किंवा कॉन्टॅक्टरच्या कॉइलची परतीची तार हिरव्या पट्टीवर लावली, की परतीचा प्रवाह भलत्या वाटेने जातो. पाच मिलिअँपिअर तर कॉइलच ओलांडते. ब्रेकर तिथे वायरिंगची चूक दाखवत असतो.

लाल बटणाबद्दलचा मतभेद याहून खोल आहे. काही आराखड्यांत ते बटण दाबलं की गरम तारेतून थोडा प्रवाह एका रोधातून मुद्दाम अर्थिंगकडे सोडला जातो. गळती झालीसं समजून जीएफसीआय ट्रिप होतो आणि पॅनेल भिंतीपासूनच मरतं. सगळीच वीज जाते, हा त्याचा फायदा आणि तो खरा आहे. पण अर्थिंगची तार सैल झाली असेल तर बटण दाबून काहीच होणार नाही. आणि ते होणार नाही हे संकटाच्या क्षणापर्यंत कळणारही नाही. दुसरी रीत जुनी आणि साधी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची पातळ तार बटणाच्या मिटलेल्या संपर्कातून न्यायची. बटण दाबलं की कॉइल सुटते, खट् आवाज होतो आणि दोन्ही गरम तारा तुटतात. तीच तार कुरतडली गेली, स्क्रूखालून निसटली, तरीही कॉइल सुटते. बिघाड आणि बटण यांचा परिणाम इथे एकच होतो. मी या रीतीच्या बाजूचा आहे. कॉन्टॅक्टरचे संपर्क क्वचित चिकटतात हे खरं आहे. म्हणून तर भिंतीवरचा ब्रेकर राहतोच आणि बटणाखालचा दिवा कॉन्टॅक्टरच्या पलीकडून घ्यायचा असतो. खट् वाजूनही दिवा जळत राहिला तर कळतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे काम हौशी माणसाने करावंच का? तयार पॅनेल मिळतात, प्रमाणपत्रासह मिळतात. सॅलफर्डच्या दारूभट्टीवाल्या घराण्यातल्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम इथे आठवावा लागतो. तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि रोधाच्या प्रमाणात असते. एलिमेंटचा प्रवाह सुमारे २३ अँपिअर. तारेच्या टोकाला नीट न दाबलेल्या एका लगमध्ये एक दशांश ओहम रोध राहिला तर तिथे ५३ वॉट उष्णता निघते. जुन्या पिवळ्या बल्बइतकी, नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकला चिकटून. या बिघाडापुढे पहारेकरी आंधळे आहेत. प्रवाह वाढत नाही, म्हणून ब्रेकर गप्प. गळती पाच मिलिअँपिअरही नाही, म्हणून जीएफसीआय गप्प. तो पकडतो फक्त हात: इन्सुलेशन सोलताना एकही केस न तुटू देणारा, योग्य पक्कडीने लग दाबून ओढून बघणारा, टर्मिनलवर छापलेल्या मापाइतका स्क्रू आवळणारा आणि काही दिवस वापरल्यावर तो पुन्हा आवळून बघणारा. ज्याला या कामाची घाई आहे त्याने तयार पॅनेल घ्यावं, हे मला मान्य आहे. भिंतीतली २४० व्होल्टची लाइन तर परवानाधारक वायरमनकडूनच ओढून घ्यावी. पण ज्याने प्रत्येक तार स्वतः बसवली आहे त्याला पॅनेल मेल्यावर कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक असतं, आणि विकत घेणाऱ्याला हे ज्ञान कुठलंही प्रमाणपत्र देत नाही.

म्हणून पहिली चाचणी माल्टशिवाय, साध्या पाण्यावर व्हावी. प्लग काढलेला असताना मल्टीमीटरने एलिमेंटचा रोध बघावा, तो साडेदहा ओहमच्या आसपास हवा. एलिमेंट आणि भांड्याचा धातू यांच्यात काहीच लागता कामा नये. मग भिंतीवरच्या ब्रेकरचं टेस्ट बटण. मग पुन्हा प्लग काढून लाल बटणाकडे जाणारी ती पातळ तार एका टोकाने सोडवावी, टोक टेपने गुंडाळावं, झाकण लावावं आणि पॅनेल चालू करावं. खट् आवाज आला नाही तर तार परत बसवून सातू भरडायला घ्यायला हरकत नाही.