खरेदी तुमची, पायपीट माझी!

‘शॉपिंग करायचे पैसे मिळतात? सही आहे यार!’ मी पर्सनल शॉपर आहे म्हटलं, की पहिली रिअ‍ॅक्शन ही ठरलेली. दुसरी आईची. ‘लोकांच्या पिशव्या उचलायला इंजिनीअर केलं का तुला?’

सुरुवात ऑफिसातच झाली. कुणाचा इंटरव्ह्यू असो की साखरपुडा, शनिवार आला की टीममधलं कुणीतरी मला लक्ष्मी रोडला ओढून न्यायचं. एकदा एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, याचे पैसे का घेत नाहीस?’ डोक्यात ट्यूब पेटली!

पहिली क्लायंट लग्न ठरलेली मुलगी. तिला हातमागावरची पैठणी हवी होती आणि हाताशी एकच रविवार होता. ओळखीच्या दुकानात शिरताच मालक हळूच म्हणाले, ‘मॅडम, बिलावर तुमचे दहा टक्के.’ झालं! त्या दिवशी मी पदर उलटून बघितलाच नाही.

आठवड्याने तिच्या मावशीने बघितला. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. या पदराच्या मागे धागे लोंबत होते. साडी पॉवरलूमची! मी कमिशनचं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. ती भांडली नाही, नुसती गप्प बसली. ते जास्त लागलं.

तेव्हापासून नियम एकच : फी क्लायंटकडून, दुकानाकडून चहासुद्धा नाही. फी तासावर घ्या किंवा फेरीवर, पण आधी ठरवा. बिल क्लायंटच्याच नावावर.

तुम्हालाही या फील्डमध्ये यायचंय? मग आधी कापड शिका. २००४ मध्ये सुरू झालेलं ‘सिल्क मार्क’ लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, साडी हातमागाची असल्याचं नाही. त्यासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. मला तेव्हा हा फरकच माहीत नव्हता!

दुसरं, बाजारात जाण्याआधी क्लायंटचं कपाट उघडा. निम्मी यादी तिथेच कमी होते. बिल कमी झालं म्हणून तुमचं नुकसान नाही. फी बिलावर नाही ना!

तिसरं, अल्टरेशनवाल्या काकांशी दोस्ती करा. शर्ट घेताना खांदा बरोबर बसतोय ना, ते बघा. कंबर आणि लांबी काका सहज कमी करतील, खांद्याला हात लावायला मात्र कुरकुरतील.

आणि हो, नोकरी लगेच सोडू नका. वीकेंडला करून बघा. पाय किती दुखतात ते कळेल!

सहा महिन्यांनी त्याच मुलीचा फोन आला. म्हटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, ‘ताई, बहिणीचं लग्न ठरलंय. येशील ना? आणि या वेळी पदर आपण दोघी मिळून उलटून बघू.’