एक पास मिळेल का?

वानखेडे स्टेडियमचा जन्म तिकिटांच्या भांडणातून झाला, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. १९३७ साली चर्चगेटजवळ ब्रेबर्न स्टेडियम सुरू झालं आणि पुढची पस्तीसेक वर्षं मुंबईतले कसोटी सामने तिथेच झाले. पण मैदान होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. शहराचं क्रिकेट चालवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन तिथे पाहुणी. त्यामुळे क्लब देईल तेवढ्या तिकिटांवर भागवायचं, आणि दरवेळी त्यावरून वाद घालायचा. असोसिएशनचे प्रमुख होते राजकारणातले वजनदार गृहस्थ शेषराव वानखेडे. क्लबचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. आमदारांच्या एका सामन्यासाठी वानखेड्यांनी ब्रेबर्न मागितलं, मर्चंट यांनी नकार दिला आणि तिथून ठिणगी पडली, अशी गोष्ट सांगितली जाते. मग वास्तुविशारद शशी प्रभू यांच्याकडून सुमारे तेरा महिन्यांत, ब्रेबर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरं स्टेडियम उभं राहिलं. गंमत म्हणजे त्या वानखेडेत आज एक पॅव्हेलियन मर्चंट यांच्या नावाचं आहे.

जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. आपल्याकडून शतक झळकावलं एकनाथ सोलकरने, म्हणजे हिंदू जिमखान्याच्या माळ्याच्या मुलाने. लॉइडचं द्विशतक झाल्यावर एक पोरगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला चोपलं, स्टँड खवळले आणि त्या दिवसाचा उरलेला खेळ गेला. प्रेक्षक तेव्हा स्वतःला मैदानाचा मालक समजत होता. ते समजणं बेशिस्तीचं असेल, पण खोटं नव्हतं. संघटनांची तिजोरी त्याच्याच तिकिटावर भरत होती.

आमच्या घरात वानखेडे म्हणजे ईस्ट स्टँड. काका गिरणीत जॉबर होते. कसोटीचं सीझन तिकीट एकट्याच्या नावाने घेणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून चाळीतल्या पाच जणांनी मिळून एक घ्यायचं आणि दिवस वाटून घ्यायचे. पहिला दिवस कुणाला, शनिवार-रविवार कुणाला, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जात. पाचवा दिवस ज्याला लागे तो बिचारा सामना तोवर संपू नये म्हणून देवाला साकडं घाली. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा, डोक्याला ओला रुमाल. मैदानात पैसे खर्च करायची गरजच पडत नसे. काकांच्या लेखी क्रिकेट पाहण्याचा खर्च म्हणजे पाचव्या हिश्शाचं तिकीट आणि लोकलचा पास.

लोकलचा पास आजही स्वस्त आहे. बाकीचं सगळं बदललं.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. सिमेंटच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या, छत आलं, पाहुण्यांसाठी बंद काचेच्या खोल्या आल्या. हे सगळं बसवताना प्रेक्षकक्षमता घटून सुमारे ३३,००० वर आली. अंतिम सामन्यासाठी त्यातली सर्वसामान्यांना विकत मिळणारी तिकिटं होती अवघी ४,०००. त्यासाठी इतकी झुंबड उडाली की विक्रीचं संकेतस्थळच कोसळलं. बाकीच्या खुर्च्या गेल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडे, प्रायोजकांकडे आणि मोठ्या संख्येने असोसिएशनच्या संलग्न क्लबांकडे. क्लबांना नावं ठेवणं सोपं आहे, पण पावसाळ्यात चिखलात कांगा लीग खेळणारी, मैदानावर तंबू ठोकून पोरांना घडवणारी मंडळी हीच. त्यांचा हक्क मला मान्य आहे. असोसिएशनच्या निवडणुकीत मतंही त्यांचीच, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

तर ही झाली पासांची दुनिया. मुंबईत मोठी मॅच जाहीर झाली की कुणी तिकिटाचा दर विचारत नाही. जो तो विचारतो, ‘एक पास मिळेल का?’ कुणाचा मेहुणा महापालिकेत, कुणाचा वर्गमित्र पोलिसात, कुणाचा साहेब प्रायोजक कंपनीत. पास मिळवणं ही ऐपतीपेक्षा ओळखीची परीक्षा असते, आणि ती पास होणाऱ्याला तिकीट विकत घेणारा थोडा बावळटच वाटतो. पण खुर्च्या मोजक्याच असतात. जितक्या फुकट गेल्या तितक्या विक्रीतून कमी झाल्या, आणि उरलेल्यांवर उड्या वाढल्या. महाग तिकिटाच्या दरात शेजारच्या पासवाल्याचंही भाडं असतं, असं मी म्हणतो ते याच हिशेबाने.

यावर इलाज म्हणून, क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेत ९० टक्के तिकिटं जनतेला विकावीत असं ठरलं. मग २०१८ च्या ऑक्टोबरात काय झालं? वेस्ट इंडीजविरुद्धचा इंदूरचा एकदिवसीय सामना मानाच्या पासांवरून विशाखापट्टणमला गेला. मुंबईतही असोसिएशनच्या कारभाराचा पेच आणि पासांची कुरबुर एकत्र आली आणि वानखेडेवरचा सामना हलवण्यात आला. कुठे? ब्रेबर्नवर. रोहित शर्माने १६२ धावा फटकावल्या, भारत २२४ धावांनी जिंकला. शेषराव वानखेडे असते तर त्यांना हा सामना पाहवला नसता.

आता आयपीएलकडे वळू, कारण गेल्या पंधरा-सतरा वर्षांत ‘मॅचला जाणं’ याचा अर्थ बहुतेक घरांत तोच झाला आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. विक्रीत ४१० सामने धरले होते, म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. याउलट वानखेडे काठोकाठ भरलं आणि एकही पास न देता सरासरी २,००० रुपयांनी प्रत्येक खुर्ची विकली गेली असं धरलं, तरी जमतात ६ कोटी ६० लाख. काकांच्या काळी तिजोरी भरणारा प्रेक्षक इथे चिल्लर झाला. उद्या तो आलाच नाही तर पडदा सुना दिसेल, एवढीच त्याची किंमत. २०२३ साली तर मोबाइलवर अख्खी आयपीएल फुकट दाखवली गेली. घरी बसणारा फुकटात, मैदानात जाणारा हजारांत.

मग चिल्लरीसाठी संघ एवढे का झगडतात? कारण प्रक्षेपणाची रक्कम मंडळाच्या मध्यवर्ती तिजोरीत जाऊन ठरलेल्या वाट्याने येते. ती वाढवणं एकट्या संघाच्या हातात नाही. साखळी सामन्यांचं गेटवरचं उत्पन्न मात्र यजमान संघाचं. १४ साखळी सामन्यांपैकी घरचे सात. मुंबई महानगर प्रदेशाची वस्ती दोन कोटींच्या वर, आणि अख्ख्या हंगामात वानखेडेच्या खुर्च्या २ लाख ३१ हजार. शंभरातल्या फार तर एका माणसाला हंगामात एकदा बसता येईल. असा माल हातात असलेला कुठला दुकानदार भाव पाडेल? चेन्नई येते त्या दिवसाचा दर वेगळा, तळाच्या संघाचा वेगळा. मुंबई इंडियन्स दरवर्षी एक सामना स्वयंसेवी संस्थांच्या हजारो मुलांसाठी राखतात. त्या दिवशीचा वानखेडेचा आवाज टीव्हीवरही ओळखू येतो. पण ज्यांच्या घरात जेमतेम पगार येतो आणि ज्यांच्यासाठी कुठलीही संस्था काम करत नाही, त्या मुलांसाठी कुठलाच दिवस नाही.

दरावर पुन्हा सरकार बसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. सणासुदीच्या तोंडावर साबण, टूथपेस्ट स्वस्त झाली त्याच फेरबदलात. ४० टक्क्यांच्या या टप्प्यात आयपीएलच्या शेजारी कोण बसलंय म्हणाल, तर कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यती. भारत विरुद्ध न्यूझीलंड अशा मान्यताप्राप्त सामन्याचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त, त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के. आयपीएल मात्र चैन. खेळाडू तेच, चेंडू तसाच, पंचही तेच. करआकारणीतलं हे तत्त्वज्ञान मला अजून उमगलेलं नाही.

उदाहरणादाखल, मूळ दर १,५०० असलेलं तिकीट आधी १,९२० रुपयांना पडायचं, आता २,१००. चौघांच्या कुटुंबाला ८,४००, म्हणजे नुसत्या करवाढीपायी ७२० रुपये जादा. त्यावर ऑनलाइन विक्रीचं सेवाशुल्क. मग गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात, डबा काढून घेतात, पॉवर बँकही नाही. आत गेलं की वडापाव वडापावच्या भावात मिळत नाही. सामना साडेसातला सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपतो. पोरं दोनदा खातात, एकदा जर्सी मागतात. गेल्या खेपेस भाच्याला घेऊन गेलो तेव्हा तिकिटाइतकाच खर्च आत झाला. परतीच्या लोकलमध्ये त्याने विचारलं, ‘मामा, आउट कसा झाला ते नीट दिसलं नाही, घरी जाऊन बघू या का?’

तरी वानखेडेला चर्चगेट स्टेशन आहे. पुण्याचं गहुंजे द्रुतगती मार्गालगत, नागपूरचं जामठा वर्धा रस्त्यावर. नागपूरकर पूर्वी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर सायकलीने जायचे. २००८ पासून कसोट्या जामठ्याला गेल्या आणि तिकिटात गाडीचं पेट्रोल मिसळलं. गहुंज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी भर उन्हात पिण्याचं पाणीच संपलं आणि संघटनेला माफी मागावी लागली. बाहेरचं पाणी आत न्यायला बंदी असलेल्या मैदानात आतलं पाणी संपणं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्यालाच विचारावं. चेन्नईकर निदान आयपीएलचं तिकीट दाखवून मेट्रोने फुकट घरी गेलेले आहेत. ही युक्ती आपल्याकडे उचलायला हरकत नव्हती.

लोक यावर चिडत का नाहीत, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. इंग्लंडात चिडले. लिव्हरपूल फुटबॉल क्लबने पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ च्या सामन्यात बरोबर ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होतं. रिकाम्या होत चाललेल्या स्टँडसमोर प्रतिस्पर्धी संघाने दोन्ही गोल फेडले आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी परगावच्या पाठीराख्यांचं तिकीट ३० पौंडांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं प्रीमियर लीगने ठरवलं.

आपल्याकडे ७७ व्या मिनिटाला उठणार कोण? लिव्हरपूलच्या स्टँडमध्ये बसलेला प्रत्येक जण पैसे भरून आला होता. आपल्या स्टँडमध्ये शेजारी बसलेला पासवर आलेला असतो, आणि जो पैसे भरून आला त्यालाही पुढच्या वेळी पास मिळण्याची आशा असते. ज्याच्याकडे हात पसरायचा त्याच्याविरुद्ध घोषणा कशा देणार? ब्लॅकवाल्याचं चांगभलं होतं ते याच कुंपणावर. २०२३ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराची चौकशी कोलकाता पोलिसांना करावी लागली. ब्लॅकमध्ये जाणारं तिकीट कुणाच्या तरी खिशातून निघालेलं असतं, आणि तो खिसा रांगेत उभा राहिलेल्याचा क्वचितच असतो.

दर खाली ठेवूनही मैदान भरतं, हे दाखवलं बायकांच्या क्रिकेटने. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये बायकांना प्रवेश फुकट होता. २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं १०० रुपयांपासून होती. २ नोव्हेंबरच्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवलं, तेव्हा स्टँडमध्ये आज्या होत्या, कडेवरची पोरं होती, शाळेच्या मैदानावर बॅट धरणाऱ्या मुली होत्या. हा दर विश्वविजयानंतर किती दिवस टिकतो, यावर पैज लावायला मी तयार नाही.

आणि रणजी आहेच. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामना होता आणि प्रवेश मोफत होता. विदर्भापुढे ५३८ धावांचं लक्ष्य होतं. अक्षय वाडकरने झुंजार शतक काढलं. शेवटच्या दिवशी मी घरून पोळीभाजी बांधून निघालो. गेटवरच्या माणसाने पिशवीत हात घालून डबा चाचपला, ‘भाजी कसली?’ विचारलं आणि सोडलं. ना तिकीट, ना पास, वाटेल त्या खुर्चीवर बसलो. धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना. शेवटची विकेटही त्यालाच मिळाली आणि मुंबईने बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला. टाळ्या वाजवायच्या म्हणून डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला. ती रिकामीच होती.