उपासनेची चाल बदलणारे टिळक

आमच्या वर्गातील एका मित्राने मध्यंतरी मोबाइलवर ‘पेट्रा’ नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाची गाणी ऐकवली. १९७२ साली निघालेला हा ख्रिस्ती मेळा. गिटारचा नुसता कल्लोळ, आणि शब्द मात्र देवाचे! याच लोकांनी पुढे १९८९ साली सर्वांनी मिळून म्हणावयाच्या स्तुतिगीतांची ध्वनिमुद्रिका काढली. मित्र म्हणाला, “देव तोच, चाल निराळी.” मला एकदम रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. चाल बदलण्याचा हा उद्योग त्यांनी आपल्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला होता.

आपण टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. १८६१ साली कोकणातील करजगावी जन्म, १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा. त्यापायी घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस हे सांगावयास नकोच.

आता चालीचे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले, १८३१ पासून अहमदनगरास स्थिरावले. त्यांनी आपली इंग्रजी गीते मराठीत उतरविली, पण चाली तिकडच्याच ठेवल्या. अडचण अशी की, इंग्रजी गीत शब्दातील जोरावर चालते आणि मराठीचा कान ऱ्हस्व-दीर्घावर असतो. ‘दयाळा’ हा साधा शब्द घ्या. चालीतला जोर पहिल्या अक्षरावर पडला की गाताना त्याचे ‘दऽयळा’ होते. बिचाऱ्या देवाने तरी ओळखावे कसे? शिवाय तिकडच्या गाण्यात चार निरनिराळे सूर एकाच वेळी चालतात. त्यासाठी बाजा हवा, शिकविणारा हवा, आणि हातात पुस्तक हवे.

अभंगाला यातले काही लागत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक; शेवटचा तोकडा चरण येताच टाळकऱ्यांना कळते की आता आपली पाळी. बुवांनी एक ओळ म्हणावी, सर्वांनी ती झेलावी. अक्षरओळख नसलेला माणूसही चार दिवसांत दहा अभंग पाठ करतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे आप्पा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवितात, आणि त्यांना सहीपुरतेच लिहिता येते.

टिळकांनी नेमके हे हेरले. तुकारामांना ते येशूकडे नेणारा आपला पूल मानीत. त्यांनी उपासनेसाठी शेकडो पदे, भजने, अभंग रचले आणि कीर्तनेही केली. मराठी चर्चमधून त्यांची पदे आजही गायिली जातात. अर्थात ते अगदी पहिले नव्हेत. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीतच, सुमारे अकरा हजार ओव्या. नगरला कृष्ण रत्नाजी सांगळे यांचेही नाव घ्यावे लागते. परंतु आवडत्या पदांचा एवढा मोठा साठा टिळकांनीच दिला. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आपल्या खानदेशाला तर टिळक परके नाहीतच. धरणगावचे बालकवी त्यांच्याच घरी नगरला राहिले होते.

मला हा विषय एवढा का लागावा? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी आम्ही अहिराणी बोलतो. पहिल्या वर्षी एकदा वर्गात उत्तर देताना तोंडून ‘शे’ निघून गेले आणि मागच्या बाकावर हशा पिकला. तेव्हापासून मी माझी चाल बदलली. इतकी की सुटीत घरी गेले तरी पुस्तकी मराठीच तोंडात येते, आणि आई जरा बुजल्यासारखी बोलते. टिळकांनी धर्म बदलला, पण बोलण्या-गाण्याची चाल घरचीच ठेवली. माझे उलटेच झाले.

दिवाळीच्या सुटीत मी टिळकांचा एक अभंग वहीत उतरवून नेला. संध्याकाळी ओसरीवर आमच्या मंडळाच्या चालीत म्हटला. आप्पांनी मृदंग ओढून ठेका धरला. दोन कडवी झाल्यावर विचारले, “हाऊ अभंग कोना शे?” मी सांगितले, एका ख्रिस्ती पाद्र्याचा. त्यांचा हात थांबला. थोडा वेळ ते वहीकडे पाहत राहिले, वाचता येत नसूनही. मला वाटले, रागावले. मग म्हणाले, “दुसरा चरणले तुना ताल चुकस. परत म्हन.”